बापाचा इथे संबंध नाही

गर्गे मॅडमना कुणी ‘कशा आहात?’ असं विचारलं की त्या आधी उलट विचारायच्या, ‘आतून की बाहेरून?’ समोरच्यानं भिडेखातर ‘बाहेरून’ म्हटलं तर म्हणायच्या, ‘ते दिसतंय की तुम्हाला, मग विचारता कशाला?’ आणि एखादा ‘आतून’ म्हणाला तर संपला. त्याला पेशीपासून सुरुवात करून सगळं ऐकावं लागायचं. मी कॉलेजात रुजू झालो त्या दिवशी ‘आतून’ म्हणालो होतो. नवीन नोकरी, इस्त्रीचा शर्ट, नांदगावहून आलेला माणूस. मला वाटलं, आतून विचारणं जास्त आपुलकीचं.

गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात मॅडम झूऑलॉजी शिकवायच्या आणि मी बॉटनी. दोन्ही विभागांत मिळून एक प्रयोगशाळा आणि एक फ्रीज. वरच्या कप्प्यात माझा डबा, खालच्या कप्प्यात त्यांची नासकी द्राक्षं. आनुवंशिकता शिकवायला त्या फळमाश्या पाळायच्या आणि माश्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था त्या स्वतःच्या जेवणापेक्षा मनापासून करायच्या. मी एकदा वासाबद्दल चाचरत तक्रार केली. त्या म्हणाल्या, ‘देवरे, माश्या तुमच्या डब्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मेथीची भाजी रोज आणता.’

बुटक्या, गोल, नेहमी सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट घालायची फॅशन यायच्या कितीतरी आधीपासून. मनगटावर पुरुषी घड्याळ. आणि त्या शिट्टी वाजवायच्या. प्राध्यापक बाई कॉलेजच्या व्हरांड्यातून शिट्टी वाजवत चालली आहे हे दृश्य नव्या प्राचार्यांना दर वेळी नव्यानं पचवावं लागायचं. एकांनी सुचवून पाहिलं, की मॅडम, मुलांवर काय परिणाम होईल? ‘सूर सुधारेल,’ मॅडम म्हणाल्या.

पेपर तपासताना त्यांचे शेरे आम्ही स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचायचो. ‘उत्तर चूक, अक्षर सुंदर. बँकेत जा.’ ‘तीन पानं लिहिलीस, एकही वाक्य माझ्या परिचयाचं नाही.’ पण एखाद्यानं ‘हे मला माहीत नाही’ असं स्वच्छ लिहिलं तर त्याला एक मार्क द्यायच्या. ‘माहीत नाही म्हणायला अक्कल लागते,’ असं त्यांचं म्हणणं. ‘माहीत आहे म्हणायला नुसता आवाज पुरतो.’

त्यांचा गाजलेला तास म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा. दुसऱ्या विभागांतली पोरंसुद्धा मागच्या बाकांवर येऊन बसायची, कारण तासाचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. मॅडम फळ्यावर एक गोल काढायच्या, वर्गाकडे वळायच्या आणि म्हणायच्या, ‘तुमच्या बापाचा इथे काही संबंध नाही.’ हशा ओसरला की पुढचं.

‘पेशी म्हणजे घर धरा. घरात एक मोठं कपाट, त्यात जाडजूड ग्रंथ. हा तुमचा मुख्य डीएनए. अर्धा आईचा, अर्धा बापाचा. कपाटाला कुलूप, पान फाटलं तर चिकटवायला माणसं ठेवलेली. पण घरात आणखी एक पातळसं पुस्तक असतं, पाककृतींचं. ते गॅसच्या शेजारी उघडं पडलेलं. त्यावर तेल उडतं, वाफ लागते, कोपरे करपतात. दुरुस्तीची सोय जेमतेम. हा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतला गॅस, सगळी ऊर्जा तिथं तयार होते. एका पेशीत असे शेकडो गॅस आणि प्रत्येकापाशी त्याच पुस्तकाच्या प्रती. थोड्या प्रती खराब झाल्या तर बाकीच्यांवर घर चालतं. फार झाल्या की घर उपाशी. आणि हे पुस्तक येतं फक्त आईकडून. बापाकडून आलेले जे काही असतात, त्यांना अंडं मोडीत काढतं. कळलं का? बापाचं नाक येईल, टक्कल येईल, उधारी येईल. श्वास आईचा.’

एका वर्षी यावरून तक्रार झाली. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी गाडी, थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये आले. त्यांच्या मुलीनं घरी जेवताना सांगितलं होतं, की पप्पा, तुमचा संबंध नाही.

‘संबंध नाय म्हणजे काय ओ मॅडम?’ त्यांनी विचारलं. ‘फी कोण भरतंय?’

प्राचार्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं आणि मी भिंतीकडे पाहत बसलो होतो. मॅडमनी त्यांच्यासमोरचा पेन स्टँड जवळ ओढला, एक पेन काढलं आणि म्हणाल्या, ‘हा तुम्ही.’ मग टेबलावरचा पेपरवेट उचलला. ‘ही तुमची बायको. आकारातला फरक बघून घ्या, रागावू नका, निसर्गानंच केलाय.’ पुढची काही मिनिटं त्या गृहस्थांना शुक्राणूच्या शेपटीशी बसलेले मायटोकॉन्ड्रिया, त्यांचा प्रवास आणि त्यांचा दारुण अंत अशा तपशिलात ऐकावा लागला, की प्राचार्यांनी मध्येच पंखा वाढवला. गृहस्थ मात्र रंगले. शेवटी गंभीर होऊन म्हणाले, ‘म्हणजे माझ्यात जी ताकद हाय ती माझ्या आईची?’

‘सगळी.’

‘लय कष्ट केले वो तिनं,’ ते म्हणाले आणि रुमालानं डोळे पुसले. जाताना मॅडमना द्राक्षांची पेटी पाठवतो म्हणाले. पाठवलीही. चांगली द्राक्षं आम्ही खाल्ली, उरलेली माश्यांनी.

मॅडमचं माहेर पंचवटीतलं, रामकुंडावर पिढ्यानपिढ्या पौरोहित्य करणारं घर. वडील गेल्यावर आई, म्हणजे माई, मॅडमकडे राहायला आल्या. मॅडमचे यजमान त्याआधीच वारले होते. मुलगी मुक्ता, तेव्हा कॉलेजात. फ्लॅटमध्ये तीन पिढ्यांच्या तीन बायका आणि तिघींचा आवाज एकमेकींपेक्षा मोठा.

मग माई विसरायला लागल्या. आधी मीठ. मग मीठ घातल्याचं. मग मॅडम कोण हेच. त्यांना वाटायचं ही स्वयंपाकाला ठेवलेली बाई आहे आणि ती चोरते. मॅडमनी एक-दोनदा ‘माई, मी शुभदा’ असं समजावलं, मग सोडून दिलं आणि भूमिका पत्करली. ‘बाई, आज तूप किती चोरलंस?’ माई विचारायच्या. ‘वाटीभर,’ मॅडम सांगायच्या. ‘उद्या जास्त नेईन, पाहुणे आहेत.’ माई खूश व्हायच्या. चोर कबूल करतोय म्हटल्यावर त्यांचं निम्मं भांडण मिटायचं. मी एकदा गेलो तर त्यांनी मला पोलीस ठरवलं. मॅडमनी मला दारातच खूण केली, ‘चौकशी करून जा.’ मी चौकशी केली. पोहे मिळाले.

त्याच काळात मॅडम अल्झायमरवर वाचायला लागल्या. आवड म्हणून नाही, चिडून. त्या स्टाफरूममध्ये येऊन सांगायच्या, ‘देवरे, या लोकांत दोन पंथ आहेत. मेंदूत नको ती प्रथिनं साचतात हे सगळ्यांना दिसतं. एक पंथ म्हणतो, कचरा साचला म्हणून वीज गेली. दुसरा म्हणतो, आधी वीज गेली म्हणून कचरा उचलला गेला नाही. आमच्या सोसायटीत दोन्ही एकदमच होतं, म्हणून मला दोघांचंही पटतं.’ वीजवाल्यांचं म्हणणं असं, की वय वाढतं तसे मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत बदल साठत जातात, अक्षरं चुकतात, तुकडे गळतात आणि मेंदूसारख्या खादाड अवयवाला ऊर्जा पुरेनाशी होते. आजारी माणसांच्या मेंदूत असे बदल आढळतात. पण ते आजाराचं कारण की आजाराचा परिणाम, यावर वाद. ‘मग तुमचं मत काय?’ मी विचारलं. ‘माहीत नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘एक मार्क द्या.’

माई गेल्या तेव्हा मॅडमनी सगळे विधी स्वतः केले. एकुलती एक मुलगी. रामकुंडावर पौरोहित्याला त्यांचा चुलतभाऊ बंडू होता, वयानं लहान, पोटानं मोठा, स्वभावानं अतिशय गरीब. बाराव्या दिवशी मी आणि स्टाफमधले दोघंतिघं तिथं गेलो होतो. सपिंडीचा विधी होता, म्हणजे गेलेल्या माणसाचा पिंड त्याच्या पूर्वजांच्या पिंडांत मिसळायचा. बंडूनं भाताचे गोळे मांडले, नावं घ्यायला सुरुवात केली आणि मॅडमचा हात वर गेला. वर्गात मुलं करतात तसा.

‘बंडू, ही नावं कुणाची?’

‘माईच्या सासूबाई. आणि त्यांच्या सासूबाई.’

‘माईची आई कुठाय?’

‘ती या रांगेत येत नाही, शुभाताई.’

‘म्हणजे जिनं माईला जन्मभर छळलं तिच्यातच आता माईला कालवणार तू?’

आजूबाजूचे दोन-तीन यजमान आपले विधी थांबवून बघायला लागले. बंडू कासावीस झाला. ‘अगं ताई, शास्त्र आहे.’

‘माझंपण शास्त्रच आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुझे आणि माझे आजोबा एक. त्यांच्याकडून माझ्यात मायटोकॉन्ड्रिया किती आले? शून्य. माईचे सगळे. माईत तिच्या आईचे. आणि तिला इथं भाताचा गोळासुद्धा नाही?’

बंडूनं आभाळाकडे पाहिलं. मग तो वाकला, पातेल्यातला भात घेतला, एक जादा गोळा वळला आणि हळूच म्हणाला, ‘हिला वेगळी ठेवतो. नाव सांग.’

‘सीता.’

‘तिची आई?’

मॅडमनी मुक्ताकडे पाहिलं, मुक्तानं खांदे उडवले. तिथं कुणालाच ते नाव माहीत नव्हतं. ‘नाव नसलं तरी चालतं,’ बंडू समजुतीनं म्हणाला. ‘चालतं कसं?’ मॅडम म्हणाल्या, पण आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. परत येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, ‘तीन पिढ्या मागे गेलं की बाई गायब. आणि हे म्हणे आम्ही वंशावळी सांभाळतो.’

पुढे त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या समारंभात सत्काराला उत्तर देताना म्हणाल्या, ‘शाल नको होती, नाशिकला एवढी थंडी राहिली नाही.’ मुक्ता लग्न करून इंदिरानगरला गेली, घरांचे नकाशे काढायचं काम करू लागली. मॅडमनी माश्या माझ्या ताब्यात दिल्या. बॉटनीवाल्याला माश्या देताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी धाडल्यासारखा झाला होता. मुक्ताच्या वेळी झाला नव्हता.

इंदिरानगरमधल्या एका ज्येष्ठांच्या मेळाव्यात मॅडमनी मला बळंच नेलं. तिथं कुठल्याशा कंपनीचा एक तरुण आला होता, सूट, टाय, कपाळावर गंध. पडद्यावर रंगीत चित्र लावून तो सांगत होता, की आमच्या चूर्णानं मायटोकॉन्ड्रिया जागृत होतात आणि स्मरणशक्ती विशीतल्यासारखी होते. मॅडम पहिल्या रांगेत.

‘जागृत होतात म्हणजे ते आत्ता झोपलेत?’ त्यांनी विचारलं.

‘हो मॅडम. वयानुसार सुप्त होतात.’

‘ते झोपले असते तर ही सगळी मंडळी खुर्चीत मेलेली असती. तुम्ही कुणाला विकणार होता?’

तरुण हसला, पण टाय सैल केला. मॅडमनी विचारलं, चूर्ण पोटातून मेंदूपर्यंत पोचतं का? तो म्हणाला, पोचतं. कसं? रक्तातून. मेंदूच्या दारावर पहारा असतो, तो ओलांडतं का? ओलांडतं. डीएनएमधली चूक दुरुस्त करतं का? करतं. ‘मग तुम्ही इथं काय करताय? जगभरचे लोक हेच शोधत बसलेत. जा, त्यांना सांगा. सभागृहाचं भाडं वाचेल.’

सगळे ज्येष्ठ टाळ्या वाजवू लागले. तरुणानं लॅपटॉप मिटला. मग मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. त्यांच्या पत्नी शेजारी बसल्या होत्या, हातातला रुमाल उलगडत आणि घडी करत. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘त्याचं खोटं असेल. पण मग खरं काय? हिला कशानं झालं हे?’

मॅडम उठल्या. आवाज खाली आणला. म्हणाल्या, नक्की कुणालाच सांगता येत नाही. मेंदूच्या पेशींना ऊर्जा लागते, ती ऊर्जा करणारे जे असतात त्यांच्या डीएनएत वयाबरोबर बदल साठतात, या आजारात ते जास्त दिसतात असं बऱ्याच जणांना आढळलं आहे. ‘पण त्यावरून औषध निघालेलं नाही आणि तुमच्या हातून काही राहून गेलं म्हणून हे झालेलं नाही. हे जे ऊर्जा करणारे असतात ना, त्यांना आपण...’

त्या थांबल्या. सभागृह वाट पाहत होतं. मॅडमनी हवेत बोटानं तो लांबट गोल काढला, आतल्या घड्या काढल्या, अगदी फळ्यावर काढायच्या तशा. शब्द आला नाही.

‘त्यांना आपण आईचे लोक म्हणू,’ त्या म्हणाल्या आणि बसल्या. लोकांना ते फार आवडलं. पुन्हा टाळ्या.

बाहेर रिक्षाची वाट पाहताना त्या म्हणाल्या, ‘देवरे, शब्द पडला.’ मी म्हटलं, होतं असं, माझं तर रोज होतं. ‘तुमचं होऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही त्या शब्दावर पोट भरलं नाहीये.’

डॉक्टरकडे मुक्ता घेऊन गेली, मीही होतो. डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला आणि पहिल्या प्रश्नापासून घाबरलेला होता. ‘मॅडम, आज वार कोणता?’

‘निवृत्त माणसाला वार नसतो.’

‘शंभरातून सात वजा करत जा.’

‘तू करून दाखव आधी. तुझं गणित मला माहीत आहे.’

तो हसला, मुक्ता हसली. पण घड्याळ काढायला सांगितल्यावर मॅडमनी गोल सुरेख काढला आणि सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसवले. त्यांनी ते कागदावर पाहिलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. ‘पुढचं विचार,’ म्हणाल्या. पुढच्या तपासण्यांनंतर निदान पक्कं झालं तेव्हा रडली ती मुक्ता. मॅडमनी डॉक्टरला विचारलं, ‘मला नीट विचार करता येईल असा किती काळ आहे?’ तो म्हणाला, मॅडम, सांगता येत नाही. मॅडमनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘एक मार्क.’

तो काळ त्यांनी कामाला लावला. बंडूला घरी बोलावून सांगितलं, की मी गेल्यावर मेंदू संशोधनाला द्यायचा, बाहेरगावी अशी संस्था आहे, मुक्तानं सगळं बोलून ठेवलंय. बंडू हादरला. ‘ताई, अपुऱ्या देहाचं...’

‘तुझ्या वाट्याला बाकी सगळं येतंय. डोक्यातलं तेवढं सोड.’

‘पण कशाला गं?’

‘जिवंत माणसाच्या मेंदूतला तुकडा काढून बघता येत नाही, बंडू. कुणीतरी मेल्यावर दिल्याशिवाय त्यांना कळणार कसं, आधी वीज गेली का कचरा साचला? आयुष्यभर लोकांना फुकट सल्ले दिले. हा शेवटचा.’

मुक्ताला मात्र वेगळीच गोष्ट पोखरत होती. ती पस्तिशी ओलांडलेली, मूल व्हावं की नको यावर तिची आणि नवऱ्याची दोन वर्षं चर्चा चाललेली. एका संध्याकाळी मी मॅडमकडे गेलो तर ती ओट्याला टेकून उभी होती, डोळे लाल. मॅडम शेंगा सोलत होत्या. मी परत फिरायला लागलो तर मॅडम म्हणाल्या, ‘बसा देवरे. मला शब्द अडला तर द्यायला कुणीतरी हवं.’

‘आई, सरळ सांग,’ मुक्ता म्हणाली. ‘आजीला झालं. तुला झालं. तूच आयुष्यभर सांगितलंस, आईकडून येतं म्हणून. मग मला येणार. आणि मला मुलगी झाली तर तिला.’

मी मनात म्हटलं, आता विनोद नको. मॅडमनी विनोद केला नाही. शेंगा बाजूला ठेवल्या.

‘नीट ऐक. मला उद्या हे इतकं नीट सांगता येणार नाही. मी तुला दिलं ते पुस्तक दिलं, त्याच्यावर उडालेलं तेल नाही दिलं. माझ्या मेंदूत जे बिघडलंय त्यातलं बरंचसं माझ्या जन्मानंतर बिघडलंय, माझ्याच मेंदूत. ते तुझ्यापर्यंत पोचायला वाट नाही. तू ज्या अंड्यातून झालीस, ते अंडं माझ्या अंगात कधी तयार झालं माहितीये?’

‘कधी?’

‘मी माईच्या पोटात असताना. मुलगी पोटात असतानाच तिची सगळी अंडी तयार होतात. म्हणजे तुझी सुरुवात माईच्या पोटात झाली. तेव्हा माई बावीस वर्षांची होती आणि तिला गल्लीतल्या सगळ्यांची लफडी तोंडपाठ होती.’

मुक्ता रडता रडता हसली.

‘आईला असलं तर मुलांना धोका जास्त दिसतो, असं काहींना आढळलंय,’ मॅडम पुढे म्हणाल्या. ‘ते मी लपवणार नाही. का, ते माहीत नाही. त्यात आईच्या... त्यांचा...’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘मायटोकॉन्ड्रियाचा,’ मी म्हणालो.

‘त्यांचा हात किती, तेही माहीत नाही. धोका म्हणजे निकाल नाही. कदाचित होईल, कदाचित होणार नाही. हे उत्तर तुला आवडत नसेल तर मी त्याला काही करू शकत नाही. खोटं सांगायला तो चूर्णवाला आहे.’

‘मग मूल होऊ देऊ का नको?’

‘ते मला विचारू नकोस, नवऱ्याला विचार,’ मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा जवळ ओढल्या. ‘तेवढ्यापुरता बापाचा संबंध आहे.’

थोड्या वेळानं, मुक्ता तोंड धुवायला आत गेल्यावर, त्या हळूच मला म्हणाल्या, ‘बरोबर सांगितलं ना सगळं?’ मी म्हटलं, हो मॅडम. ‘पूर्ण मार्क?’ मी मान हलवली.

मुक्ताला मुलगी झाली. इरा. ती रांगायला लागली तोवर मॅडमची बरीच घसरण झाली होती. मुक्ता त्यांना इंदिरानगरला घेऊन गेली. मॅडम बूट फ्रीजमध्ये ठेवायच्या, टीव्हीवरच्या बातमीदाराला ‘खाली बस’ म्हणून ओरडायच्या. त्यांना सांभाळायला येणाऱ्या बाईला त्या कॉलेजची प्राचार्य समजायच्या आणि तिच्याकडे रजा मागायच्या. ती द्यायची. सगळं असं गमतीचं नव्हतं. काही दिवस त्या दाराशी उभ्या राहून ‘मला घरी जायचंय’ म्हणून रडायच्या आणि कुठलं घर ते सांगू शकायच्या नाहीत. मुक्ता त्यांना गाडीत बसवून एक चक्कर मारून त्याच घरी परत आणायची. ‘आलं का घर?’ ‘आलं,’ त्या म्हणायच्या, आणि जोडे काढायच्या.

त्या गेल्या तेव्हा मी नांदगावला होतो. मुक्तानं रडायच्या आधी फोन फिरवले आणि ठरल्याप्रमाणे सगळं वेळेत झालं. मी पोचलो तेव्हा बंडू जिन्यात एकटा बसला होता. म्हणाला, ‘देवरे सर, मेंदूशिवाय चालेल ना हो पुढे?’ मी म्हटलं, ‘बऱ्याच जणांचं चालतंय, गुरुजी.’ तो तोंडावर उपरणं धरून हसला, आणि तसाच हुंदके द्यायला लागला.

पण मला मॅडम आठवतात त्या त्याआधीच्या थंडीतल्या. रविवार सकाळ होती. गंगापूर रोडच्या टोकाला, शहर संपून मळे सुरू होतात तिथं, एका मिसळीच्या ठिकाणी मुक्तानं आम्हाला नेलं होतं. द्राक्षांच्या मांडवाखाली खाटा आणि टेबलं, गर्दी, गोंगाट, पोरांसाठी झोपाळे. मॅडम शाल पांघरून बसल्या होत्या. इरा त्यांच्या मांडीवर बसून जिलबी खात होती आणि निम्मा पाक त्यांच्या शालीला पुसत होती. मॅडमना मी कोण ते माहीत नव्हतं. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, ‘रांगेत या.’ पण मिसळ त्यांनी ओळखली. दोनदा तर्री मागून घेतली, नाक पुसलं, पुन्हा मागितली.

मग त्या बराच वेळ मुक्ताकडे पाहत राहिल्या. मुक्ता त्यांच्यासाठी पाव कुस्करत होती.

‘फार करतेस गं सगळ्यांचं,’ मॅडम म्हणाल्या. ‘आई असते कुठं तुझी?’

मुक्ताचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ‘इथंच,’ म्हणाली. ‘जवळच असते.’

‘मग जात जा अधूनमधून.’

‘जाते की.’

‘बरं वाटतं त्यांना,’ मॅडम म्हणाल्या. मग जरा पुढे झुकल्या, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘पण फार वेळ थांबू नकोस. म्हाताऱ्या बाया बोअर करतात.’